पूर्वज कुणाचे, कागद कुणाचे

अमेरिकेत पूर्वजांच्या नावावर सभासदत्व देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. पूर्वज १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आला असेल तर एक संस्था, न्यू यॉर्कच्या जुन्या डच वसाहतीत राहत असेल तर दुसरी, स्वातंत्र्ययुद्धात उतरला असेल तर तिसरी आणि चौथी. त्यांतली सर्वांत ठळक म्हणजे १८९० साली वॉशिंग्टनमध्ये स्थापन झालेली ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’, म्हणजेच डीएआर. तिच्या आजच्या सभासद स्त्रिया पावणेदोन लाखांच्या वर आहेत. या संस्थांविषयी बहुधा दोनच सुरांत बोलले जाते. सभासद घराण्याच्या अभिमानाने बोलतात, टीकाकार रक्ताच्या अहंकाराला नावे ठेवतात. इथे रक्त तपासले जाते, हे मात्र दोघेही गृहीत धरून चालतात. प्रत्यक्षात तपासला जातो तो कागद. तो कागद कुणी, कशासाठी आणि कुणाला वगळून लिहिला, हा या विषयातला मुख्य प्रश्न आहे. वंशज-संस्थांचे बरेवाईट ठरवायचे तर त्यांच्या अभिमानापेक्षा त्यांचे पुराव्याचे नियम पाहायला हवेत, असे माझे मत आहे.

अभिमानावरची टीका या संस्थांइतकीच जुनी आहे. १७८३ साली, युद्ध संपता संपता, अमेरिकन सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ स्थापन केली. तिचे सभासदत्व बापाकडून थोरल्या मुलाकडे जायचे होते आणि जॉर्ज वॉशिंग्टन तिचे पहिले अध्यक्ष होते. राजाला नुकतेच घालवलेल्या देशात ही नवी सरदारकी कशाला, म्हणून साउथ कॅरोलायनाचे न्यायाधीश एडेनस बर्क यांनी तिच्याविरुद्ध पुस्तिका काढली. फ्रान्समध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ च्या जानेवारीत मुलीला लिहिलेल्या पत्रात तर गणितच मांडले: दर पिढीला मूळ वीराचा वाटा निम्मा होत जातो, नऊ पिढ्यांनी तो ५१२ वा भाग उरतो. मान द्यायचाच असेल तर तो वीराला वाढवणाऱ्या आईबापांना द्यावा, न जन्मलेल्या वंशजांना नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मानाच्या बाबतीत या युक्तिवादाला आजही उत्तर नाही, आणि ते शोधायची गरजही मला वाटत नाही.

तरीही शंभर वर्षांनी या संस्थांचे पीक आले. १८७६ साली स्वातंत्र्याची शताब्दी झाली, जुन्या आठवणी उजळल्या. त्याच सुमारास दक्षिण आणि पूर्व युरोपातून लाखो माणसे बोटींनी येऊ लागली, आणि आधी आलेल्यांना आपण आधी आलो हे सांगावेसे वाटू लागले. १८८९ साली ‘सन्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ निघाली. तिने स्त्रियांना दार बंद ठेवले, म्हणून पुढच्याच वर्षी डीएआर जन्मली, आणि राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मेफ्लॉवरच्या वंशजांची सर्वसाधारण संस्था १८९७ ची. वगळल्या गेलेल्या स्त्रियांनी उभारलेली संस्था पुढे इतरांना वगळू लागली. ते बरेचसे उघड वर्णभेदाने झाले, पण उघड भेद मिटल्यावरही जे उरले ते कागदाच्या मार्गाने.

डीएआरचा प्रवेश कसा होतो ते जवळून पाहण्याजोगे आहे. अर्जदार स्त्री अठरा वर्षे पूर्ण झालेली हवी. पूर्वजाची कामगिरी १९ एप्रिल १७७५ या लेक्सिंग्टनच्या चकमकीच्या दिवसापासून २६ नोव्हेंबर १७८३ पर्यंतच्या, म्हणजे इंग्रज फौजेने न्यू यॉर्क सोडेपर्यंतच्या काळातली हवी. त्याने बंदूकच हाती घेतली असली पाहिजे असे नाही. नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेणारा, सैन्याला धान्य-गुरे पुरवणारा, गावच्या कारभारात अधिकारपद सांभाळणारा माणूसही चालतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. अर्जदारापासून त्या पूर्वजापर्यंत सहा, सात, कधी आठ पिढ्या असतात. प्रत्येक पिढीचे जन्म, लग्न आणि मृत्यू तारीख-ठिकाणासह द्यावे लागतात, आणि हे मूल त्याच आईबापांचे आहे हे सांगणारा पुरावा प्रत्येक सांध्याला लागतो. नाव जुळले, गाव जुळले, तेवढ्याने भागत नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ नांदलेले असतात. शतकापूर्वी घरच्या सांगण्यावर मंजूर झालेला एखादा अर्ज आज अपुरा ठरतो आणि त्या वंशरेषेवरून येणाऱ्या नव्या अर्जदारांना ती पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. दत्तक गेलेल्या मुलीला दत्तक घराण्याच्या पूर्वजावरून प्रवेश नाही, तिला जन्मदात्यांचीच रेषा दाखवावी लागते. पद्धत कडक आहे, आणि ती कडक असण्याबद्दल माझी तक्रार नाही.

हे कागद वंशजांच्या सोयीसाठी मात्र लिहिलेले नाहीत. १८०० सालच्या नोव्हेंबरात युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि सैन्याची बरीच दप्तरे जळाली. त्यामुळे पुढे १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनी जुन्या सैनिकांना निवृत्तिवेतन द्यायचे ठरले, तेव्हा अनेक म्हाताऱ्यांना न्यायालयात जाऊन शपथेवर आपली हकीकत सांगावी लागली: कुठल्या कप्तानाच्या हाताखाली होतो, कुठल्या हिवाळ्यात कुठे तळ पडला होता. १८३६ च्या कायद्याने विधवांना हक्क मिळाला, पण लग्नाचा दाखला हवा. दाखला नसलेल्या बायकांनी घरच्या बायबलातली पाने कापून अर्जासोबत पाठवली. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अजून आहेत. वर लग्नाची तारीख, खाली एकापाठोपाठ मुलांचे जन्म, आणि मधल्याच एखाद्या नावापुढे वेगळ्या शाईत मृत्यूची नोंद. पोटासाठी लिहिलेला हा मजकूर आज डीएआरच्या कितीतरी अर्जांचा कणा आहे.

ज्याला सरकारकडून काही मागायचा हक्क होता, ज्याच्या नावे जमीन होती, ज्याचा कर भरला जात होता, त्याचे नाव अशा रीतीने टिकले. बायकांचे तितके टिकले नाही. १७९० पासून १८४० पर्यंतच्या शिरगणतींत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे, बाकीची माणसे आकड्यांत आहेत. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता जवळपास नव्हतीच, त्यामुळे खरेदीखतांत ती येते ती बहुतेक एका कारणाने. नवऱ्याने जमीन विकली की तिने आपला विधवाहक्क सोडल्याची नोंद व्हायची, आणि हे राजीखुशीने आहे ना, हे अनेक ठिकाणी न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत असत. त्या दोन ओळींत तिचे नाव कळते. माहेर कळत नाही. स्त्रियांच्या या संस्थेतल्या अर्जांची साखळी सर्वांत जास्त वेळा तुटते ती एखाद्या स्त्रीपाशीच.

गुलामगिरीतल्या माणसांची कथा याहून कितीतरी कठोर आहे. १८५० च्या शिरगणतीत स्वतंत्र कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव प्रथमच लिहिले गेले. त्याच वर्षी आणि पुन्हा १८६० साली गुलामांचे वेगळे तक्ते झाले, आणि त्यांत मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढेच आहे. चाळीस वर्षांची स्त्री, बारा वर्षांचा मुलगा, दोन वर्षांची मुलगी. ती आई-मुले आहेत की नाहीत तेही कळत नाही. मुक्त झालेली ही माणसे राष्ट्रीय शिरगणतीत नावानिशी प्रथम दिसतात ती १८७० साली. त्याआधीचा शोध घ्यायचा तर मालकाचे घराणे शोधावे लागते, त्याचे मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, हिशेबवही उघडावी लागते. यादीत घोडे, नांगर, पितळी भांडी यांच्या शेजारी माणसांची नावे आणि त्यांच्यापुढे डॉलरमध्ये किंमत असते. मालकाच्या वंशजाला ज्या दप्तरात पूर्वज ‘माझा मुलगा’ म्हणून सापडतो, त्याच दप्तरात दुसऱ्याला आपली खापरपणजी मालाच्या यादीत सापडते. दोघांचे पूर्वज एकाच घरात राहत होते. एकाला त्या कागदाने वंशावळ दिली, दुसऱ्याची काढून घेतली.

जेहू ग्रँट या गृहस्थांचे उदाहरण मला या साऱ्या विषयाच्या मध्यभागी ठेवावेसे वाटते. ऱ्होड आयलंडमध्ये ते इंग्रजधार्जिण्या मालकाचे गुलाम होते. १७७७ साली ते पळाले, अमेरिकन सैन्यात दाखल झाले, आणि सुमारे दहा महिन्यांनी मालकाने येऊन त्यांना परत नेले. १८३२ च्या कायद्याखाली, म्हातारपणी, त्यांनी निवृत्तिवेतनाचा अर्ज केला. तो नाकारला गेला, कारण नोकरी केली तेव्हा ते पळून आलेले गुलाम होते. त्यांनी १८३६ साली पुन्हा लिहिले, उपयोग झाला नाही. नकार मिळालेला तो अर्ज मात्र जपला गेला, आणि त्यांच्या सेवेची हकीकत आज त्यातूनच कळते. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या कृष्णवर्णीयांची संख्या साधारण पाच हजार धरली जाते. त्यांतल्या किती जणांचा एवढा तरी कागद उरला असेल?

याचा परिणाम डीएआरच्या इतिहासात सरळ दिसतो. १९३९ साली संस्थेने आपल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना गाऊ दिले नाही, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५ हजार लोकांपुढे गायल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी बोलले जाते ते सभासदत्वाबद्दल. कृष्णवर्णीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या सभासद, डेट्रॉइटच्या कॅरन फार्मर, १९७७ साली आल्या. वॉशिंग्टनच्या लीना फर्ग्युसन यांना १९८० च्या दशकात केंद्रीय सभासदत्व मिळाले, पण स्थानिक शाखेने घेतले नाही. वृत्तपत्रांत बोभाटा झाला, शहराच्या करसवलतीचा प्रश्न निघाला, आणि तडजोडीत संस्थेला वर्णभेदाविरुद्ध नियम करावा लागला, शिवाय युद्धात उतरलेल्या कृष्णवर्णीयांचा शोध घेण्याचे काम पत्करावे लागले. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. फार्मर काय, फर्ग्युसन काय, दोघींनी दाखवलेला पूर्वज गोरा होता: पेनसिल्व्हेनियाचा विल्यम हूड आणि मेनचा जोना गे. कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रवेश मिळाला तोसुद्धा गोऱ्या माणसाच्या कागदावर, कारण साखळीचा जुना भाग तेवढाच लिहिलेला होता.

तडजोडीतून निघालेल्या कामाचे फळ म्हणजे २००८ साली विस्तृत स्वरूपात प्रसिद्ध झालेला ‘फरगॉटन पेट्रियट्स’ हा ग्रंथ. त्यात कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी अशा ६,६०० हून अधिक जणांची नावे आहेत. हजेरीपट, पगारपत्रके, न्यायालयीन कागद विंचरून हे काम झाले. दबावाखाली सुरू झाले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. ज्यांनी नियमांनी दार अडवले, त्यांच्याच शोधकांनी नियमांची शिस्त वापरून ते उघडायला साहित्य पुरवले.

याच्या उलट टोकाला माँटिसेलो असोसिएशन आहे. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या, दोन मुलींकडून आलेल्या वंशजांची ही संस्था १९१३ ची, आणि माँटिसेलोच्या कौटुंबिक दफनभूमीची मालकी तिच्याकडे. जेफरसन यांच्या गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचे वडील जेफरसनच, असे हेमिंग्ज घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. मुलगा मॅडिसन हेमिंग्ज यांनी १८७३ साली ओहायोच्या एका वर्तमानपत्रात ते छापूनही आणले. इतिहासकार ॲनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ च्या पुस्तकात दाखवून दिले की गोऱ्या घराण्याची तोंडी परंपरा इतिहासकारांनी विश्वासाने स्वीकारली आणि काळ्या घराण्याची तितक्याच सहजतेने फेटाळली. पुढच्याच वर्षी जनुकीय चाचणीत धाकट्या एस्टन हेमिंग्ज यांच्या पुरुषवंशजाचे वाय गुणसूत्र जेफरसन घराण्याशी जुळले, आणि गोऱ्या कुटुंबाने जेफरसन यांच्या ज्या भाच्यांकडे, कार बंधूंकडे, बोट दाखवले होते त्यांच्याशी जुळले नाही. प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिने जेफरसन माँटिसेलोत होते, हे त्यांच्याच नोंदींवरून कळते. माँटिसेलोची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठानाने २००० साली पितृत्व बहुधा त्यांचेच असा निष्कर्ष काढला. तरी २००२ साली असोसिएशनने पुरावा अपुरा ठरवून हेमिंग्ज वंशजांना मोठ्या बहुमताने नाकारले. गुलाम आईच्या मुलांचा बाप ज्या समाजाने कधी लिहिलाच नाही, त्याच समाजाच्या वारसांनी लेखी बाप मागावा, याला मी पुराव्याची शिस्त म्हणणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की नियम सैल केले तर लबाडीला रान मोकळे होईल. आक्षेप पोकळ नाही. स्वीडनमध्ये जन्मलेल्या गुस्ताव्ह आंजू नावाच्या वंशावळकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत अमेरिकन घराण्यांना खोट्या वंशावळी रचून विकल्या. त्यांतल्या भाकडकथा अजून इकडेतिकडे उतरवल्या जातात. पण आंजूच्या वंशावळी कागदांनी खचाखच भरलेल्या होत्या, खऱ्या कागदांत एखादा बनावट मिसळलेला. कागद मागण्याने लबाडी थांबली नाही. ती थांबवली कागदांची चिकित्सा करणाऱ्यांनी. डोनाल्ड लाइन्स जेकोबस यांच्यासारख्यांनी १९२० च्या दशकापासून जी शिस्त घातली, तिच्यातून पुढे आलेली आजची मानके अमुकच दाखला हवा असे म्हणत नाहीत. शोध पुरेसा व्यापक झाला का, प्रत्येक विधानाचा आधार दिला का, परस्परविरोधी नोंदींचा उलगडा केला का, आणि निष्कर्ष तर्काने मांडला का, एवढे ती पाहतात. थेट दाखला नसला तरी पाच-सहा आडवळणी नोंदी एकमेकींना बळकटी देत असतील तर त्या पुरावा ठरतात. हा नियम गोऱ्या घराण्यांच्या हरवलेल्या दाखल्यांसाठी वर्षानुवर्षे वापरला गेला आहे. तोच सर्वांना लावा एवढीच मागणी आहे, आणि तिला सैलपणा म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप नव्या काळातला आहे: आता जनुकीय चाचणी आली, कागदाची भानगड मिटली. ती मिटलेली नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून ते फक्त पुरुषांच्या अखंड रेषेबद्दल बोलते. डीएआरने २०१४ पासून ते विचारात घ्यायला सुरुवात केली, पण कागदांच्या जोडीनेच. सर्वसाधारण चाचणीत सहा-सात पिढ्यांमागच्या एखाद्या पूर्वजाचा अंशही उरलेला नसू शकतो. शिवाय चाचणी घराणे सांगते, माणूस सांगत नाही. जेफरसन यांचे भाऊ रँडॉल्फ यांच्याकडेही तेच गुणसूत्र होते, आणि निवाडा अखेर माँटिसेलोतल्या मुक्कामाच्या तारखांवरच करावा लागला. चाचणी दोन्ही बाजूंनी कापते हेही सांगायला हवे. त्याच १९९८ च्या चाचणीत वुडसन घराण्याची, जेफरसन यांच्यापासूनच उतरल्याची, तेवढ्याच श्रद्धेने जपलेली तोंडी परंपरा जुळली नाही. तोंडी परंपरेला पुराव्याच्या रांगेत जागा द्यायची याचा अर्थ ती तपासायची असा आहे, मानून टाकायची असा नाही.

खासगी संस्थेने कुणाला घ्यावे हा तिचा प्रश्न, असेही म्हटले जाते. दहा मित्रांच्या मंडळाला हे लागू आहे. पण डीएआरला १८९६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने सनद दिली, तिला करसवलत मिळते, आणि राष्ट्र कुणी घडवले याची यादी तिच्या नावे छापली जाते. सार्वजनिक स्मृतीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नियम सार्वजनिक चर्चेचा विषय होणारच.

आपल्याकडे हा प्रश्न मानाचा नाही, हक्काचा आहे, म्हणून अधिक टोचणारा आहे. जातपडताळणीसाठी वंशावळ मांडताना शाळेचे निर्गम उतारे, कोतवाल बुके, जन्ममृत्यूच्या नोंदी शोधाव्या लागतात. कुणबी नोंदींसाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना कचेऱ्याकचेऱ्यांतून बोलावणी आली. जमीनदार कुळाचे नाव महसुली दप्तरात कुठे ना कुठे असते. भटक्या-विमुक्तांना मात्र २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि ज्या घराण्याचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होते त्याची त्या काळातली नोंद कुठल्या गावच्या दप्तरात असणार? गृहचौकशीची तरतूद याचसाठी आहे. ती मनापासून वापरली जाते तिथे माणसाला न्याय मिळतो, उपचार म्हणून उरकली जाते तिथे मिळत नाही. अमेरिकेतल्या वादातून आपल्याला घेण्यासारखे आहे ते हेच, की नोंद नसणे हा नोंद ठेवणाऱ्याचा दोष असू शकतो, आणि पुरावा तोलताना तो हिशेबात धरावा लागतो.

मग वंशज-संस्थांनी करावे काय? फ्रँकलिन यांच्या सल्ल्याप्रमाणे मान सोडून द्यावा, असे मी म्हणेन, पण संस्था बंद कराव्यात असे म्हणणार नाही. त्यांच्या ग्रंथालयांत आणि अर्जांच्या फायलींत सव्वाशे वर्षांत जमलेली माहिती दुसरीकडे कुठेही नाही. डीएआरने आपली वंशसूची संगणकावर सर्वांना खुली केली आहे, हे चांगले आहे. पुढचे पाऊल सोपे आहे आणि अजून सार्वत्रिक झालेले नाही. व्हर्जिनिया, मेरीलँड, कॅरोलायना या भागांतल्या पूर्वजावरून अर्ज करणारी स्त्री बहुतेक वेळा मृत्युपत्र जोडते, आणि त्यातले मुलाचे नाव असलेले तेवढे पान देते. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: त्याच दप्तरात गुलामांची नावे आहेत का, असल्यास त्या पानांची प्रत जोडावी, आणि संस्थेने ती नावे स्वतंत्र सूचीत घालावीत. घराण्याकडे खासगीत राहिलेल्या हिशेबवह्या, बायबले यांनाही हेच लागू करावे. दुसऱ्या कुणाची वंशावळ जिथे अडली आहे ते पान तिथे असू शकते, आणि मृत्युपत्रासाठी अर्जदार स्त्री कचेरीत गेलेलीच असते. पुढची चार पाने उतरवून घ्यायला वेगळी खेप पडत नाही.